भाचीला काय द्यायचं? केळूसकर गुरुजींचं पुस्तक आणि बहिणींचे दागिने

हा भाग एक आठवडा उशिरा येतोय, त्याबद्दल आधी माफी. मागच्या रविवारी रेकॉर्डिंगला बसायचं सोडून मी दारव्ह्याकडे ताईच्या गावी गेलो होतो. भाचीचा बी.एस्सी.चा निकाल लागला. फर्स्ट क्लास. आमच्या दोन्ही घरांत मिळून पदवी घेणारी ती पहिली मुलगी. मामा म्हणून रिकाम्या हाताने जायचं नव्हतं, आणि काय घेऊन जायचं ते काही केल्या ठरत नव्हतं.

या कामासाठी माझ्याकडे ८ हजार रुपये होते. फॅमिली ग्रुपवर विचारलं आणि पस्तावलो. एकाने स्मार्टवॉचची लिंक टाकली. दुसऱ्याने पेनचा सेट सुचवला, जणू आता पोरगी कलेक्टर म्हणून सह्याच करत बसणार आहे. काकांनी लिहिलं, पाकीट द्या आणि मोकळे व्हा. ताईचा फोन आला तो वेगळाच. म्हणाली, "तू कायले एवढा इचार करतं रे? अंगठी घे तिले. पोरीले सोनं कामी पडते." आता आजच्या भावात ८ हजारांची अंगठी म्हणजे बोटाला गुंडाळलेली तारच म्हणा. पण मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. पोरगी पदवीधर झाली आणि ताईच्या डोक्यात लग्नाचा हिशोब सुरू, असं मला वाटलं. हा राग लक्षात ठेवा, मी शेवटी त्यावर परत येणार आहे.

शहरातल्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. यवतमाळ जिल्ह्यात ही भेटवस्तूची भानगड चुकीच्या महिन्यात येते. निकाल लागतात जून-जुलैत. म्हणजे बियाणं, खत, डवरणी, निंदण, सगळ्यांचा पैसा एकदम लागतो तेव्हा. कापूस वेचायला येतो दसऱ्याच्या आगेमागे, हातात पैसा दिसतो दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत. पोरं पास होतात आभाळ भरून आलेलं असतं तेव्हा, आणि घरात पैसा येतो बोंडं फुटल्यावर. त्यामुळे आमच्याकडे पेढेसुद्धा बऱ्याचदा उधारीवर वाटले जातात. हसू नका, खरं आहे.

मी स्वतः बी.ए. झालो तेव्हा माझ्या मामांनी मला घड्याळ दिलं होतं. नवं नव्हतं. त्यांच्या मनगटावरचं, एचएमटी जनता, चावी भरायचं. या घड्याळाचाही इतिहास आहे. हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ साली बंगळुरात घड्याळं बनवायला सुरुवात केली, आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं या देशात पास होणं, नोकरी लागणं, लग्न ठरणं या तिन्ही प्रसंगांचं उत्तर एकच होतं: एचएमटी. २०१६ साली सरकारने ती घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली. माझं घड्याळ आता दिवसाला चार मिनिटं मागे पडतं, पण चालतं. तर सांगायचा मुद्दा, मामांनी नवं घड्याळ घेतलं नाही. पैसे नव्हते म्हणून हातातलं काढून दिलं, आणि पुढे कित्येक वर्षं ते वेळ विचारायला शेजाऱ्याकडे बघत. तेव्हा मला ते जुनं घड्याळ घ्यायला लाज वाटली होती. मित्राला नवं टायटन मिळालं होतं ना.

असो. भेट काय द्यावी हे शोधता शोधता मी नेहमीप्रमाणे पुस्तकांच्या कपाटाकडे गेलो. एखादा तरुण नातेवाईक शिकून पुढे गेला, त्याला कुणीतरी काहीतरी दिलं, आणि त्या देण्याने पुढे खरंच काहीतरी घडलं, असं मराठी मुलखात कधी झालंय का? झालंय. आणि इतकं मोठं झालंय की त्याची गोष्ट तुम्हीसुद्धा ऐकली असेल, निदान अर्धी. ती तशी कॉलेजच्या भेटीची गोष्ट नाही, शाळेच्या परीक्षेची आहे. पण धागा ओढत नेला तर थेट बी.ए.पर्यंत जातो. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

साल १९०७. मुंबईत परळ भागातल्या चाळीत राहणारे, सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार रामजी सकपाळ यांचा धाकटा मुलगा भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाला. वय सोळा. म्हणजे आपले बाबासाहेब. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या मुलाने मॅट्रिक होणं ही त्या काळी केवढी गोष्ट होती हे वेगळं सांगायला नको. लोकांनी सत्काराची सभा घेतली. सभेला कृष्णराव अर्जुन केळूसकर होते. वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावचे, जन्म १८६०चा, मुंबईत विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक. तुकारामांचं चरित्र लिहिलेले, शिवाजी महाराजांचं मोठं चरित्र लिहिणारे. या गुरुजींनी त्या सभेत मुलाला स्वतः लिहिलेलं एक पुस्तक भेट दिलं. गौतम बुद्धाचं चरित्र, १८९८ साली निघालेलं.

इथवर सगळ्यांना माहीत असतं. आता गंमत ऐका. चरित्रकार सांगतात की सभा मॅट्रिकनंतरची आणि अध्यक्ष होते सीताराम केशव बोले. हेच ते बोले, ज्यांनी पुढे १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा ठराव आणला. त्याच ठरावाच्या आधाराने १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. म्हणजे त्या छोट्याशा सत्कार सभेत पुढच्या वीस वर्षांचा इतिहास एका सतरंजीवर बसला होता असं समजा. पण खुद्द बाबासाहेबांनी १९५६ साली 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथासाठी जी प्रस्तावना लिहिली, तिच्यात ते हा प्रसंग इंग्रजी चौथीच्या परीक्षेनंतरचा सांगतात, आणि अध्यक्ष दादा केळूसकर होते म्हणतात. आठवण लिहिताना जवळजवळ पन्नास वर्षं उलटली होती. परीक्षा कुठली, खुर्चीवर कोण, यावर पुस्तकं भांडतात. पुस्तक कुणी दिलं आणि कोणतं दिलं, यावर कुणाचंच दुमत नाही. तुमच्या घरातसुद्धा बघा, अमुक साडी कुठल्या दिवाळीची यावर वाद होतो, कुणी दिली यावर होत नाही.

आणखी एक. १९५७ साली तो ग्रंथ बाहेर आला तेव्हा त्यात ही प्रस्तावना नव्हतीच. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ला गेले होते. प्रस्तावना बऱ्याच वर्षांनी, १९८० साली भगवान दास यांनी छापून लोकांपुढे आणली. म्हणजे ज्या भेटीने माणूस बुद्धाकडे वळला, ती भेट ग्रंथाच्या वाचकांना त्याच्याच तोंडून कळायला वीसेक वर्षं लागली.

त्या प्रस्तावनेतला मला सगळ्यांत आवडणारा भाग वडिलांचा आहे. लोक रामजींकडे परवानगी मागायला गेले, आम्हाला तुमच्या मुलाचा सत्कार करायचाय. रामजी साफ नाही म्हणाले. त्यांचं म्हणणं असं, की अशाने पोरगं शेफारेल, परीक्षाच तर पास झालाय, आणखी काय केलंय त्याने! लोक हिरमुसले. पण त्यांनी नाद सोडला नाही. ते केळूसकरांकडे गेले, कारण ते रामजींचे स्नेही. केळूसकरांनी मध्ये पडून वाद घातला, आणि मग कुठे सभा झाली.

या बापाला खडूस म्हणून सोडून देऊ नका. आपल्या प्रत्येकाच्या घरात असा एक माणूस असतो जो निकाल ऐकून फक्त मान डोलावतो आणि म्हणतो, बरं, आता पुढं काय. रामजींचं 'पुढं काय' म्हणजे नुसतं बोलणं नव्हतं. धनंजय कीरांच्या चरित्रात ते वाचायला मिळतं. चाळीतल्या त्या एका खोलीत सगळं कुटुंब. मुलगा निजायचा, बाप रात्री दोनपर्यंत जागा राहायचा, दोनला मुलाला अभ्यासाला उठवायचा आणि मगच स्वतः पाठ टेकायचा. आणि मुलाने नवं पुस्तक मागितलं, खिशात पैसे नसले, की म्हातारा उठून लग्न झालेल्या लेकींच्या घरी जायचा. एका लेकीकडे उसने मागायचे. तिच्याकडे नसले तर दुसरीकडे. तिच्याकडेही रोख नसली तर तिचा एखादा दागिना घ्यायचा, गहाण टाकायचा आणि पुस्तक आणायचं. पेन्शन हातात आली की दागिना सोडवून लेकीला परत.

इथे मी वाचता वाचता थांबलो. दागिना कुणाचा? मंजुळा आणि तुळसा, भीमरावांच्या थोरल्या बहिणी. चरित्रात दोन-चार ओळींत येतात आणि जातात. त्यांचा सत्कार कुणी केला नाही. सभेत व्यासपीठावर बुद्धाचं चरित्र दिलं गेलं तो क्षण चित्रांत आहे, नाटकांत आहे, जयंतीच्या भाषणांत तर दरवर्षी आहे. बापाच्या शब्दावर अंगावरचा डाग काढून देणाऱ्या बहिणीचं चित्र मी तरी कुठे पाहिलेलं नाही. त्या काळी सासरी नांदणाऱ्या बाईने दागिना काढून माहेरी द्यायचा म्हणजे घरात तिला कुणाकुणाला उत्तर द्यावं लागत असेल, विचार करा.

बरं, केळूसकरांकडे परत येऊ. त्यांचं पुस्तकच का लागू पडलं? गुरुजींनी बाजारात जाऊन पुस्तक निवडलं नव्हतं. मुलगा त्यांना ठाऊक होता. शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. केळूसकरही तिथे येत. इतर पोरं खेळताहेत आणि हा एकटा रोज वाचतोय, हे बघून त्यांनी चौकशी केली, मग वाचायला पुस्तकं देऊ लागले. कीर ओळख बागेत झाली म्हणतात, बाबासाहेब त्यांना वडिलांचे स्नेही म्हणतात. दोन्ही खरं असायला काय हरकत आहे! मुद्दा इतकाच, की देणाऱ्याने आधी मुलाला वाचताना पाहिलं होतं. किती वेगाने वाचतो, काय झेपतं, कशावर प्रश्न विचारतो, हे सगळं माहीत असलेल्या माणसाने दिलेली ती वस्तू होती.

आणि त्या वस्तूने घरात काय केलं? भांडण लावलं. रामजी कबीरपंथी, धार्मिक. पोरांकडून रामायण-महाभारत वाचून घ्यायचे. केळूसकरांचं पुस्तक वाचल्यावर मुलाने बापाला विचारलं, तुम्ही आम्हाला बुद्धाबद्दल कधी काही का सांगितलं नाही? आणि ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचीच थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची अवहेलना आहे, ते आम्हाला का वाचायला लावता? बापाला प्रश्न अजिबात आवडला नाही. लहान आहेस, सांगतो ते कर, अशा थाटाचं उत्तर मिळालं. मुलाने पिच्छा सोडला नाही. मग रामजींनी आपलं कारण सांगितलं: आपण अस्पृश्य, तुमच्या मनात कमीपणा घर करून बसेल, तो जावा म्हणून. द्रोण बघ, कर्ण बघ, लहान माणसं किती उंचीला गेली. मुलाचं समाधान झालं नाही. बाबासाहेब लिहितात की ते बुद्धाकडे वळले ते असे, या पुस्तकाच्या मदतीने.

म्हणजे बघा, मित्राच्या मुलाला दिलेल्या भेटीने मित्राच्याच घरात बापाला जाब विचारायला लावला. गुरुजींना याची कल्पना होती की नाही कोण जाणे. पण आपण पोरांना भेट देताना नेमकी उलट काळजी घेतो. घड्याळ दिलं, वेळेवर घरी ये. अंगठी दिली, लग्नात घाल. जी वस्तू पोराला घराबाहेर नेईल, किंवा घरातच प्रश्न विचारायला लावेल, ती आपण सहसा देत नाही.

पुढचं झपाट्याने सांगतो. भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात गेले, इंटर झाले आणि रामजींची ताकद संपली. पुन्हा केळूसकरच. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी होतकरू अस्पृश्य विद्यार्थ्याला मदत करण्याची तयारी जाहीर केली होती. गुरुजी मुलाला घेऊन महाराजांकडे गेले, महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरं आवडली, आणि दरमहा २५ रुपये शिष्यवृत्ती सुरू झाली. योगायोग म्हणजे केळूसकरांचं ते बुद्धचरित्रही बडोद्याच्याच ग्रंथमालेसाठी लिहिलेलं होतं, असं बाबासाहेब सांगतात. त्याच सुमारास आपल्याकडे काय परिस्थिती होती? यवतमाळ तर सोडाच, अख्ख्या वऱ्हाडात कॉलेज नव्हतं. वणीचे लोकनायक बापूजी अणे शिकले ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात. अमरावतीचं किंग एडवर्ड कॉलेज १९२३ साली निघालं, नागपूर विद्यापीठही त्याच वर्षीचं, आणि अमरावती विद्यापीठ, ज्याच्या पदवीवर माझ्या भाचीचं नाव छापलं जाणार आहे, ते तर १९८३चं. कॉलेज करायचं म्हणजे घर सोडायचं, हे आमच्याकडे फार काळ चाललं.

१९१३ उजाडलं. भीमराव बी.ए. झाले. विषय इंग्रजी आणि फारसी. वय एकवीस. आता इथे खरी पदवीच्या भेटीची वेळ येते, आणि इथे गोष्ट उलटी फिरते.

रामजींच्या मनाविरुद्ध मुलगा बडोद्याला नोकरीवर रुजू झाला. पंधरा-एक दिवस झाले नाहीत तोच तार आली, वडील अत्यवस्थ. भीमराव लगोलग मुंबईला निघाले. गाडी सुरतेला थांबली. मुलगा खाली उतरला, वडिलांसाठी मिठाई घ्यायला. नुकता पदवीधर झालेला, पहिली नोकरी लागलेला मुलगा घरी रिकाम्या हाताने कसा जाईल? मिठाई घेतली आणि इकडे गाडी सुटली. (आमच्याकडची शकुंतला, ती यवतमाळ-मूर्तिजापूर छोटी गाडी, चुकली तरी पळत जाऊन पकडता यायची असं म्हातारे लोक सांगतात. ही तसली गाडी नव्हती.) दुसऱ्या गाडीने मुंबईला पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. घरात गेले तेव्हा रामजी शेवटच्या घटका मोजत होते, जीव मुलाच्या वाटेकडे लागलेला. त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि डोळे मिटले. तारीख २ फेब्रुवारी १९१३.

मी हा प्रसंग वाचला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि माझ्या फोनवर त्या स्मार्टवॉचचं पान उघडं होतं. ते मी बंद केलं. त्या मिठाईचं काय झालं हे कुठल्या चरित्रात नाही. पण आपण भेटवस्तूच्या शोधात किती वेळ घालवतो आणि तेवढ्यात कोणती गाडी सुटते, हे मात्र डोक्यातून जाईना.

त्यानंतर सयाजीरावांनी अमेरिकेच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती दिली. ४ जून १९१३ रोजी भीमरावांनी करारावर सही केली: शिकून आल्यावर दहा वर्षं बडोदे संस्थानची नोकरी करायची. जुलैत ते न्यूयॉर्कला पोचले, कोलंबिया विद्यापीठात. ही मदत फार मोठी होती, तिच्याशिवाय पुढचं काहीच घडलं नसतं. पण तिला अट होती. १९१७ साली ती अट पाळायला ते बडोद्याला गेले तेव्हा शिपाई लांबून फायली टाकायचे आणि राहायला कुणी खोली देईना. केळूसकरांच्या पुस्तकाला अट नव्हती. रामजींच्या पुस्तकांना अट होती का? होती म्हणा, रात्री दोनला उठायची.

आणि केळूसकर? ते १९३४ साली गेले. त्यांनी दिलेल्या पुस्तकाने सुरू झालेला रस्ता १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरपर्यंत गेला, ते त्यांनी पाहिलं नाही. आमच्या जिल्ह्यातूनही त्या दिवशी माणसं भाकरी बांधून नागपूरला गेली होती, मिळेल त्या गाडीने आणि नाही मिळाली तर पायी. आज त्या घरांतली नातवंडं-पतवंडं कॉलेजात आहेत, त्यातली काही आत्ता हेडफोन लावून हे ऐकतही असतील.

तर इतकं सगळं डोक्यात घेऊन मी रविवारी दारव्ह्याला उतरलो. मनाशी ठरवलं होतं, भाचीला पुस्तकं द्यायची, ताईला चार शब्द सुनवायचे. मोठा इतिहास वाचून आलो होतो ना.

ताई शेतात होती, निंदणाला. भाची तिच्यासोबतच गेलेली. घरी भाऊजी एकटे. त्यांनी चहा टाकला. मी अंगठीचा विषय काढला, थोडा टोचूनच. भाऊजी बराच वेळ गाळणीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुमाले सांगितलं नाही का तिनं? तिची पोत सराफाकडे आहे. मागच्या साली ठेवली. पोरीचं शेवटचं वर्ष होतं. रूमचं भाडं, मेस, परीक्षेचा फॉर्म. कापसाचे पैसे आले का सोडवतो म्हटलं होतं. पण कापसाचे पैसे कापसातच गेले."

किती? २४ हजार आणि वर व्याज.

म्हणून अंगठी. ताईचा हिशोब लग्नाचा होता का? थोडा असेलही, खोटं कशाला बोलू. पण घरातलं सोनं पोरीच्या शिक्षणात गेलं होतं आणि तिला वाटत होतं, की पोरीच्या निमित्ताने गुंजभर का होईना, सोनं परत घरात यावं. हे ती मला फोनवर सांगणार नव्हती. मी मंजुळा-तुळसांबद्दल पानंच्या पानं टिपणं काढली आणि माझ्या सख्ख्या बहिणीच्या गळ्यात वर्षभर पोत नाही हे मला दिसलं नव्हतं. मागच्या दिवाळीत भाऊबीजेला तिने ओवाळलं, त्याचा फोटो आहे माझ्या फोनमध्ये. झूम करून पाहिला. काळे मणी, बस्स.

संध्याकाळी दोघी आल्या. भाचीला मी सरळ विचारलं, तुला काय पाहिजे? हा प्रश्न मी ग्रुपवर अठरा जणांना विचारला होता, तिला नाही. ती म्हणाली, "मामा, मले विचारलं असतं तर केव्हाच सांगितलं असतं. सॅक पायजे. हिची चेन दोन वर्षांपासून तुटून आहे, सेफ्टी पिना लावून नेत होती मी." आणि खरंच दाखवली. तीन पिना. एम.एस्सी.साठी अमरावतीला जायचं, नंबर लागला तर. पुस्तकांचं विचारलं तर म्हणाली, लायब्ररी आहे, पीडीएफ आहेत, ओझं कायले. केळूसकर गुरुजींचा वारसा एका वाक्यात निकालात निघाला.

दुसऱ्या दिवशी दारव्ह्याच्या बाजारातून सॅक घेतली, ११५० रुपये. निळी. दुकानदाराने चेन पाच वेळा उघडून-लावून दाखवली, कारण भाचीने ती पाच वेळा तपासायला लावली. उरलेले पैसे घेऊन मी आणि भाऊजी सराफाकडे गेलो. ताईला सांगितलं नव्हतं, सांगितलं असतं तर तिने येऊ दिलं नसतं. व्याज भरलं, मुद्दलातले थोडे फेडले. सराफाने पावतीच्या मागच्या बाजूला रक्कम आणि तारीख लिहिली आणि भाऊजींना विचारलं, बाकीचे कधी? भाऊजी म्हणाले, नोव्हेंबर. सराफ हसला. त्यालाही कापूस कळतो.

घरी आल्यावर ताईला पावती दाखवली. ती आधी माझ्यावर चिडली, मग भाऊजींवर, मग आत जाऊन पावती डब्यात ठेवून आली. भाची तोवर जुन्या सॅकमधलं सामान नव्या सॅकमध्ये भरत होती. पिना तिने टाकल्या नाहीत, पुढच्या खिशात ठेवल्या, लागतात म्हणे.

तुम्ही पास झालात तेव्हा कुणी काय दिलं होतं, आणि त्या वेळी घरात काय गहाण होतं, हे आईला एकदा विचारून बघा. उत्तर मिळालं तर मला व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात वाजवू. नावं सांगणार नाही. भेटू.